टोपीसाठी एक ओळ: वसई-विरारच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

वसई, नालासोपारा, विरार आणि आसपासच्या गावांतल्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक सर आणि मॅडम,



नव्या वर्षाची शाळेची डायरी छापायला जाण्याआधी गणवेशाच्या पानावर एक ओळ वाढवा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. ओळ अशी: ‘केस गळण्याच्या आजारात विद्यार्थ्याला वर्गात, मैदानावर आणि परीक्षेत टोपी, रुमाल, स्कार्फ किंवा विग वापरता येईल.’ डायरीतल्या बाकीच्या नियमांत ती सहज हरवून जाईल. पण ज्या घरात तिची गरज आहे, तिथे ती पुन्हा पुन्हा वाचली जाईल.

माझी भाची नववीत आहे. गेल्या पावसाळ्यात वेणी घालताना तिच्या आईला तिच्या कानामागे रुपयाएवढी गुळगुळीत जागा दिसली. दिवाळीपर्यंत अशा जागा वाढत एकमेकींना मिळाल्या, आणि नाताळच्या सुट्टीत भुवयाही विरळ झाल्या. हे पत्र तिला विचारून लिहिले आहे. तिने ते वाचले, काही वाक्ये खोडायला लावली, ती मी खोडली. तिची शाळा कोणती हे इथे येणार नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. पत्र सगळ्यांना आहे.

आपल्याकडे याला चाई म्हणतात. चाई पडली की प्रत्येकाकडे एक कारण तयार असते. म्हाताऱ्या माणसांना वाटते किड्याने केस खाल्ले. शेजारी पाण्याला दोष देतात, आणि आपल्या भागात तो संशय अगदीच निराधार वाटत नाही. नालासोपाऱ्यात, विरार पूर्वेला लोकांनी वर्षानुवर्षे टँकरच्या पाण्यावर दिवस काढले आहेत. किनाऱ्याजवळच्या गावांत बोअरचे पाणी मचूळ लागते, त्याने साबणाचा फेस होत नाही आणि केस राठ होतात. पण राठ होणे वेगळे आणि मुळापासून गळणे वेगळे. चाई पाण्याने पडत नाही, शाम्पूने पडत नाही, दुसऱ्याचा कंगवा वापरल्याने लागत नाही. शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणा केसांच्या मुळांना परके समजून त्यांच्यावर चालून जाते. मूळ मरत नाही, त्याचे काम थांबते. म्हणूनच बरेच महिने गेले तरी केस परत येण्याची शक्यता शिल्लक राहते. लहान एक-दोन चट्टे असतील तर साधारण निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपोआप उगवतात. काहींचे मात्र सगळे डोके, भुवया, पापण्यासुद्धा जातात, आणि कोणाचे काय होणार हे पहिल्या चट्ट्यावरून सांगता येत नाही.

शंभरातल्या साधारण दोन माणसांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते, आणि अनेकांना ती पहिल्यांदा विसाव्या वर्षाच्या आत पडते. २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती. दोन टक्के म्हणजे त्यातली चोवीस हजार माणसे. तुमच्या शाळेत आज असे मूल नसेल तर पुढच्या काही वर्षांत येईल. किंवा आजही असेल, आणि शेवटच्या बाकावर हुडी घालून बसत असेल.

केस गळण्याचे कारण प्रत्येक वेळी चाईच असते असेही नाही, आणि हे शाळेने ध्यानात ठेवावे. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू, टायफॉइडची साथ येते. अशा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस मूठमूठ गळतात आणि पुढे आपोआप परततात. अंगात लोह कमी असले किंवा थायरॉइड बिघडले तरी केस गळतात. डोक्यात नायटा झाला तर खवले धरतात, खाज सुटते, केस मुळाशी तुटतात. तो मात्र एकमेकांच्या कंगव्यातून, टोपीतून पसरू शकतो आणि पोटात घ्यायच्या औषधाने बरा होतो. काही मुले मनावरचा ताण सोसेना की स्वतःचेच केस उपटतात, त्यांना वेगळी मदत लागते. हा सगळा फरक त्वचारोगतज्ज्ञ करतो, भिंगासारख्या एका उपकरणातून केसांची मुळे बघून. वर्गशिक्षकाने तो करायला जाऊ नये. ‘हे संसर्गजन्य आहे का, डॉक्टरांना विचारून सांगाल?’ एवढा एक प्रश्न शाळेने पालकांना एकट्यात विचारावा. उत्तर ‘नाही’ असे आले की विषय शाळेपुरता संपला. त्या मुलाला वेगळ्या बाकावर बसवण्याचे कारण उरत नाही.

सर, मॅडम, बुलढाण्याची आठवण तुम्हाला असेल. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग हात लावला की केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. १८ गावांत २७९ लोकांची नोंद झाली, त्यांत लहान मुले होती, कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या. दूरचित्रवाणीवर त्याला ‘टक्कल व्हायरस’ असे नाव पडले. व्हायरस कोणी बघितला नव्हता, नाव मात्र घरोघरी पोचले. पाण्याचे नमुने घेतले गेले, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक आले. विंचूदंशावरच्या कामासाठी सगळा महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही तिथे जाऊन रक्त, लघवी आणि केसांचे नमुने तपासून घेतले. फेब्रुवारीत त्यांनी आपला निष्कर्ष मांडला: रुग्णांच्या शरीरात सेलेनियम प्रमाणाबाहेर आहे, जस्त कमी आहे, आणि ते सेलेनियम रेशनच्या गव्हातून आले असावे.

तो प्रकार चाईचा नव्हता. तो इथे आणते आहे तो दुसऱ्याच कारणासाठी. कारण हाती येईपर्यंत त्या गावांतल्या मुलांचे काय झाले ते आठवा. कॉलेज सुटले, ठरलेली लग्ने अडली, लोकांनी उरलेले केस स्वतःच भादरून टाकले, अशा बातम्या तेव्हा आल्या. गावच्या गाव एका आजाराच्या नावाने ओळखले जाऊ लागले. तिथे किमान एवढे तरी होते: शेजारच्या घरातही तेच चालले होते, आणि मुलगी एकटी नव्हती. वसईतल्या एका वर्गात चाई पडलेली मुलगी साठ मुलांत एकटी असते. ‘टक्कल व्हायरस’ हा शब्द त्याच साठ मुलांच्या मोबाइलवर येऊन गेलेला असतो. तिच्या डब्यातले कोणी का खात नाही, हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

केसांचे आपल्या समाजात काय वजन आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. मुलाने डोके तुळतुळीत केले की चाळीतला पहिला प्रश्न येतो, ‘घरात कोणी गेले का?’ मुलीच्या बाबतीत तर त्याहून जुनी जखम आहे. नवरा गेला की बाईचे केशवपन करायची रीत महाराष्ट्राने फार काळ चालवली. १८९० मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला, हा आपल्याच इतिहासाचा अभिमान वाटावा असा भाग आहे. रीत गेली, पण तिची भीती पिढ्यांच्या मागे राहिली आहे. माझ्या भाचीने उरलेल्या चार बटा काढून टाकायचे म्हटले तेव्हा तिची आजी देवासमोर बसून रडली. ते रडणे आजाराचे नव्हते. विरळ केस सगळ्यांच्या देखत गळत राहण्यापेक्षा डोके साफ करणे कित्येक मुलांना सुसह्य वाटते. पण या घरात ते करणे म्हणजे काहीतरी अमंगळ घडवणे होते. असे मूल घरातून निघून तुमच्या फाटकापाशी येते. तिथे पी.टी.चे सर उभे असतात आणि म्हणतात, ‘टोपी काढ.’

तुम्ही म्हणाल, एका टोपीने काय होणार? दोन गोष्टी होतात. एक अगदी शरीराची आहे. केस नसलेल्या डोक्याला मैदानावरचे ऊन भाजते. भुवया-पापण्या गेल्या की घाम आणि खडूची भुकटी सरळ डोळ्यांत जाते. मैदानावर टोपी, गरज पडली तर साधा चष्मा, हे त्या मुलासाठी औषधाइतकेच आवश्यक आहे. दुसरी गोष्ट ही की आपले डोके कोणाला, कधी दाखवायचे हे त्या मुलाच्या हातात राहते. अमेरिकेच्या संसदेतल्या सदस्य आयाना प्रेस्ली यांचे सगळे केस चाईने गेले. जानेवारी २०२० मध्ये, मनाची तयारी झाल्यावर, त्यांनी कॅमेऱ्यासमोर विग काढला आणि स्वतःच्या तोंडून सगळे सांगितले. तेव्हा त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या, निवडून आलेल्या होत्या, देशभर ओळखल्या जात होत्या. चौदा वर्षांच्या मुलीला तेवढीच मुभा का नसावी? तिला वर्षभर झाकायचे असेल तर झाकू द्या. एक दिवस ती टोपी न घालता आली तर तिला बोलावून ‘घाल गं, मुले बघतात’ असेही म्हणू नका. टोपी तिची आहे.

मुलींच्या दोन वेण्या आणि रिबिनी, मुलांचे ठरावीक मापाचे केस, या नियमांचेही असेच. चाईत किंवा तापानंतरच्या गळतीत घट्ट वेणी ओढून बांधली की उरलेले केसही निघतात. सैल बांधू द्या, आखूड कापू द्या. ‘वेण्या का नाहीत?’ हा प्रश्न सकाळच्या प्रार्थनेच्या रांगेत, सगळ्यांसमोर, कुठल्याच मुलीला विचारला जाऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम मुलांच्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई करते. मला तुम्हाला कायदा दाखवायचा नाही. पण प्रार्थनेच्या रांगेत टोपी काढायला लावणे हा त्यातलाच प्रकार आहे, हे शाळेतल्या प्रत्येकाला, शिपायापासून संगीताच्या सरांपर्यंत, माहीत हवे.

पावसाळ्याचाही विचार करा. जून ते सप्टेंबर आपली मुले चिंब भिजत शाळेत येतात. ओला विग डोक्यावर बसत नाही, ओला रुमाल दिवसभर चिकटून राहतो, कातडी खाजते. कोरडा स्कार्फ दप्तरात असतो, पण तो बदलायचा कुठे? आपल्या कित्येक शाळांत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नीट लागत नाही. एक आरसा आणि आतून लागणारी कडी असलेली एखादी खोली, ग्रंथालयाच्या मागची का असेना, दहा मिनिटांसाठी मोकळी करून द्या. याला पैसे लागत नाहीत. कडी बसवायला सुतार लागतो.

उपचाराविषयी थोडे सांगते, कारण हजेरीचा प्रश्न तिथेच येतो. चाईच्या जागी बारीक सुईने स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. काहींना डोक्याला लावायचे औषध दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन घ्यावे लागते. जून २०२२ मध्ये अमेरिकेत प्रौढांच्या तीव्र चाईसाठी बारिसिटिनिब या औषधाला, आणि जून २०२३ मध्ये बारा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी रिटलेसिटिनिबला मान्यता मिळाली. अशा औषधांनी पुष्कळांचे केस परत येतात, पण ती रक्त तपासत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यावी लागतात, आणि बंद केली की केस पुन्हा जाऊ शकतात. म्हणजे हा महिनोन्महिन्यांचा, कधी वर्षांचा प्रवास आहे. आपल्याकडच्या पुष्कळ घरांसाठी तो शब्दशः प्रवास आहे. मुंबईतल्या पालिका रुग्णालयातल्या ओपीडीचा ठरलेला वार, पहाटेची विरार लोकल, नायर किंवा केईएमची रांग, आणि घरी यायला दुपार उलटते. गर्दीत स्कार्फ ओढला जाऊ नये म्हणून आई लेकीला भिंतीला टेकवून पुढे उभी राहते. दुसऱ्या दिवशी त्याच आईला हजेरीसाठी शाळेत बोलावून उभे करू नका. दवाखान्याचा कागद पुरेसा माना, आणि त्या दिवसाच्या वह्या एखाद्या मैत्रिणीकडून मिळतील हे वर्गशिक्षकांनी बघावे.

केस परत येऊ लागतात तेव्हाही सगळे सुरळीत होत नाही. चाईनंतर उगवणारे पहिले केस अनेकदा पांढरे असतात, रंग मागाहून येतो. कालपर्यंत ‘टकली’ म्हणणारे आज ‘म्हातारी’ म्हणतात. आणि आलेले केस पुन्हा जाऊ शकतात. त्यामुळे ‘आता बरी झालीस ना!’ असे आनंदाने म्हणण्याआधी थोडे थांबा. मुलाचे सांत्वन करण्यापेक्षा त्याला गणित कुठपर्यंत आले हे विचारलेले त्याला आवडते. भाचीने हे वाक्य आवर्जून ठेवायला सांगितले.

आणखी एक गोष्ट शिक्षक प्रेमाने म्हणतात आणि ती खोल लागते: ‘टेन्शन घेऊ नकोस, केस येतील.’ मुलाला यातून ऐकू येते की केस त्याच्याच टेन्शनमुळे गेले. रात्री मोबाइल बघतेस म्हणून, भाजी खात नाहीस म्हणून, दहावीची धास्ती घेतेस म्हणून. चाई कोणाच्या वागण्याची शिक्षा नाही. ताणाने ती पडते असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा वैद्यकशास्त्राकडे नाही. उलट बाजू मात्र खरी आहे: चाई पडल्यामुळे मुले काळजीत आणि उदासीत जातात. जे मूल आधी वर्गात हात वर करायचे ते करायचे थांबले, डबा एकटे खाऊ लागले, सोमवारी सोमवारी पोट दुखू लागले, तर ते बघणारा पहिला माणूस शिक्षकच असतो. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार मुलांच्या सुरक्षेसाठी प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी. ती कागदावर नसून चालती असेल, तर अशा मुलाशी बोलणारे एक ठरलेले, विश्वासाचे माणूस तिथून मिळू शकते. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक फलकावर लिहून ठेवा. रडणाऱ्या मुलाला पालकांचा फोन लावून घरी पाठवणे हा मात्र शेवटचा उपाय असू द्या. एकदा घरी राहणे सोपे वाटले की शाळेत परतणे दर आठवड्याला अवघड होत जाते.

वर्गाला सांगायचे की नाही, हे मुलाने ठरवावे. काही मुलांना वाटते, शिक्षकांनी एकदा स्पष्ट सांगून टाकावे आणि चर्चा संपवावी. काहींना त्याचे नावसुद्धा नको असते. भाचीने मधला मार्ग काढला. विज्ञानाच्या तासाला शरीराच्या प्रतिकारशक्तीचा धडा शिकवताना तिच्या बाईंनी चाईचे उदाहरण घेतले, तिचे नाव न घेता, तिच्याकडे न बघता. आदल्या दिवशी त्यांनी तिला एकटीला विचारले होते, ‘हे घेऊ का?’ त्या प्रश्नामुळे तिला जे बळ आले, ते माझ्या कुठल्याच बोलण्याने आले नव्हते. पुढच्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलाने तिला विचारले, ‘म्हणजे दुखत नाही ना?’ ती म्हणाली, ‘नाही.’ आणि दोघे खो-खोच्या सरावाला गेले.

खो-खोवरून सांगते. अशा मुलांना संघातून, स्नेहसंमेलनाच्या नाचातून, वर्गाच्या फोटोतून हळूच बाजूला काढले जाते, बहुतेकदा दयेपोटी. ‘तिला बरे वाटणार नाही.’ हे ठरवायचा हक्क आपल्याला नाही. नाचात केसांत गजरा हवा असेल तर सगळ्यांच्याच डोक्याला फेटा बांधा, महाराष्ट्रात फेट्याला काय तोटा?

शेवटी दहावीचे. भाची पुढच्या वर्षी बोर्डाला बसेल. परीक्षा केंद्र दुसऱ्या शाळेत असते, पर्यवेक्षक अनोळखी असतात, भरारी पथक अचानक वर्गात येते. हॉल तिकिटावरच्या फोटोत केस आहेत आणि समोरच्या मुलीला नाहीत, किंवा डोक्यावर स्कार्फ आहे, तेव्हा संशय घेणाऱ्या माणसाचीही चूक म्हणता येणार नाही. पण तो संशय पेपर सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी, वर्गासमोर फेडला जाऊ नये. फॉर्म भरतानाच पालकांकडून ताजा फोटो घ्या. डॉक्टरांचे पत्र घेऊन केंद्र संचालकांशी तुम्ही स्वतः, मुख्याध्यापक म्हणून, आधी बोला. तपासणी करायचीच असेल तर बाईंनी, वेगळ्या खोलीत, पेपरच्या अर्धा तास आधी करावी. असे एक पत्र प्रत्येक शाळेने प्रत्येक केंद्राला दिले तर पुढच्या वर्षी ते मागायची वेळ कोणावर येणार नाही.

डायरीतल्या त्या ओळीचा मसुदा वर दिला आहे. शब्द तुमचे घाला, पण ‘मुख्याध्यापकांच्या परवानगीने’ हे शब्द त्यात घालू नका. परवानगीचा अर्ज लिहायचा म्हणजे मुलाने आणखी एका टेबलासमोर उभे राहून आपले डोके समजावून सांगायचे. जूनमध्ये शाळा भरतात. पहिल्या पालकसभेत ती ओळ मोठ्याने वाचून दाखवाल, अशी आशा आहे.

आपली,
नववीतल्या एका मुलीची मावशी
वसई